सुरुवातच दिसत नाही अशा मंद भूकंपाचा उगम जमिनीखाली कुठे आहे, हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की नेहमीच्या भूकंपात पी (आधी पोचणाऱ्या) आणि एस (मागून येणाऱ्या) लहरी कधी पोचल्या यावरून उगम काढतात, मग तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालणाऱ्या क्षीण कंपाचं काय, ज्यात लहर कधी आली हेच दाखवता येत नाही? भूकंपनोंदी तपासणं हेच माझं काम, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

एकाच नोंदणी केंद्राची नोंद पाहून काही हाती लागत नाही. सेकंदाला दोन ते आठ वेळा थरथरणारी गिचमिड रेघ. वाहनांचा नाहीतर वाऱ्याचा गोंगाट म्हणून कोणीही सोडून देईल. पण आसपासच्या केंद्रांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या की तोच चढउतार सगळीकडे दिसतो, फक्त काही सेकंद पुढेमागे. दहा-दहा किलोमीटरवरच्या केंद्रांवर वाहनांचा गोंगाट असा एका तालात चढत-उतरत नाही. जपानी भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारा यांनी २००२ मध्ये नैऋत्य जपानमधला असा खोलवरचा कंप जगासमोर आणला. १९९५च्या कोबे भूकंपानंतर तिथे बोअरच्या तळाशी यंत्रं बसवली होती, म्हणूनच तो टिपता आला.

रीत अशी. रेघेतले बारीक काटे विसरायचे आणि कंपाचा जोर कसा वाढतो-ओसरतो तेवढीच गुळगुळीत रेषा काढायची. दोन केंद्रांच्या रेषा एकमेकींवर सरकवायच्या. जिथे त्या सर्वांत चांगल्या जुळतात, तो वेळेतला फरक. या कंपात एस लहरींचा भर असतो. त्यांचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरला, तर चार सेकंदांचा फरक म्हणजे एक केंद्र उगमापासून दुसऱ्यापेक्षा १४ किलोमीटर लांब. अशा पुष्कळ जोड्यांना एकदम पटेल अशी जागा संगणक शोधतो.

खरी अडचण खोलीची. उगम थोडा खाली सरकवला तर सगळ्याच केंद्रांवरच्या वेळा जवळपास सारख्या वाढतात, त्यामुळे फरक फारसे बदलत नाहीत. इथे भूकंपशास्त्रज्ञ डेव्हिड शेली आणि सहकाऱ्यांचं काम मोलाचं ठरलं. जपानच्या शिकोकू बेटावरचा कंप म्हणजे इवल्या, कमी वारंवारितेच्या भूकंपांची रांगच आहे, हे त्यांनी २००७ मध्ये दाखवलं. त्यातला एक भूकंप नमुना म्हणून घ्यायचा, नोंदींत त्याच्या पुनरावृत्ती शोधायच्या आणि सगळ्यांची बेरीज करायची. गोंगाट आपसांत कटतो आणि दडलेली पी लहर वर येते. ती मिळाली की पी आणि एस लहरींमधलं वेळेचं अंतर मोजून खोली काढता येते: तिथे सुमारे ३० ते ३५ किलोमीटर, फिलिपीन समुद्राची प्लेट (भूकवचाचा सरकता तुकडा) जिथे वरच्या प्लेटखाली घसरते त्या सीमेवर.

मला सर्वांत भारी वाटतो तो कॅस्केडियाचा, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनारपट्टीचा नकाशा. रोजच्या कंपाचे ठिपके मांडले की ते दिवसाला साधारण १० किलोमीटर सरकताना दिसतात, आणि त्याच पट्ट्यात प्लेट सावकाश घसरत असल्याचं जीपीएसही सांगतं.