पदकांचा आकडा आणि तुझी वही

अमळनेर

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. तुरिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्स हिवाळी स्पर्धेत भारताला ३३ पदकं मिळाली हे तू शाळेच्या फळ्यावर लिहिलंस, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "तिथं सगळ्यांनाच पदक देतात." मग पालकसभेत एका आईनं विचारलं, "बर्फवर? तठे आमनं पोर काय करी?" या दोघांना काय सांगू, आणि या वर्षी मुलांना या खेळांत उतरवू की नको, असं तू विचारतेस. उतरव. पण त्याआधी त्या ३३ आकड्यामागे काय आहे ते नीट समजून घे. आकड्याचा अर्थ चुकीचा लावला की मैदानावर मुलांकडून आपण मागतो तेही चुकीचंच असतं.

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक हिवाळी स्पर्धा ८ ते १५ मार्च २०२५ या काळात इटलीत झाल्या. काही खेळ तुरिन शहरात, बाकीचे वर आल्प्समधल्या सेस्त्रिएरे, प्राजेलातो, बार्दोनेक्किया या गावांत. सेस्त्रिएरे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर आहे. सुमारे शंभर देशांतले दीड हजारांच्या आसपास खेळाडू होते. आपले ३० जण सहा खेळांत उतरले: अल्पाइन स्कीइंग, क्रॉस-कंट्री स्कीइंग, स्नोबोर्डिंग, स्नोशूइंग, शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग आणि फ्लोअरबॉल. ८ सुवर्ण, १८ रौप्य, ७ कांस्य. हे सगळे बौद्धिक दिव्यांग खेळाडू. तुझ्या वर्गात बसतात तशीच मुलं.

आता पहिली गोष्ट. बातमी सांगताना पुष्कळ जण या स्पर्धेला 'पॅरालिम्पिक' म्हणून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. पॅरालिम्पिकचं दार आपल्या मुलांसाठी फार अरुंद आहे, आणि ते अरुंद का झालं हे तुला माहीत असायला हवं. २००० साली सिडनीत बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेननं सुवर्ण जिंकलं. पुढं उघड झालं की त्या संघातल्या बारापैकी दहा खेळाडूंना कसलंही बौद्धिक दिव्यांगत्व नव्हतं. खोटं त्या संघानं केलं आणि दार बंद झालं जगभरातल्या खऱ्या मुलांसाठी. २०१२ ला लंडनमध्ये ते पुन्हा उघडलं, तेही फक्त अ‍ॅथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिस या तीन खेळांत. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्यासाठी आजही गट नाही. म्हणून बर्फावर देशाचं नाव छातीवर घेऊन उतरायचं असेल तर आपल्या मुलांना स्पेशल ऑलिम्पिक्स हेच मोठं व्यासपीठ आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली शिकागोत ते सुरू केलं, आणि १९७७ पासून त्याच्या हिवाळी स्पर्धाही होऊ लागल्या. ते व्यासपीठ खोट्यापासून जपणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम आहे, आणि ते जिल्ह्याच्या चाचणीपासूनच सुरू होतं.

खोटं तिथं कसं शिरतं, ते सांगतो. या स्पर्धेत खेळाडूंचे गट तीन गोष्टींवर पडतात: मुलगा की मुलगी, वय, आणि क्षमता. क्षमता ठरवायला आधी प्राथमिक फेरी घेतात. समजा पंचवीस मीटरची स्नोशू शर्यत आहे. सगळे एकदा पळतात, वेळा नोंदवतात, आणि जवळजवळच्या वेळांचे खेळाडू एका गटात घालतात. गटात कमीत कमी तीन, जास्तीत जास्त आठ जण. अंतिम शर्यत त्या गटापुरती. जत्रेच्या कुस्तीत पन्नास किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पहिलवानाशी लावत नाहीत, तसंच हे. म्हणजे बारा सेकंदांत पळणाऱ्यालाही सुवर्ण असतं आणि चाळीस सेकंद घेणाऱ्यालाही.

शिक्षकांच्या खोलीतला टोमणा इथूनच येतो. तो पूर्ण खोटा नाही, आणि तू तो खोटा आहे असं भासवूही नकोस. तिघांचाच गट असेल तर तिघांनाही पदक मिळतं. गट मोठा असेल तर चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळ्यांना मानाची फीत देतात, मंचावर बोलावून. हे सगळं उघड सांग. मग विचार, की चाळीस सेकंद घेणाऱ्या मुलानं गेल्या वर्षी ते अंतर पूर्ण तरी केलं होतं का? तो मध्येच बसत असेल, आईकडे पळत असेल, शिट्टीच्या आवाजानं कान झाकत असेल, तर त्या चाळीस सेकंदांमागे वर्षभराची मेहनत आहे. आपल्याच बरोबरीच्या क्षमतेच्या सात जणांशी झुंजून तो पहिला येतो. ही झुंज कमी दर्जाची कशी?

याच गटवारीत मोह असतो. प्राथमिक फेरीत मुलाला 'जरा हळू पळ' म्हटलं की तो खालच्या गटात जातो आणि अंतिम फेरीत सहज जिंकतो. असं हात राखून खेळल्याचं दिसलं तर खेळाडूला बाद करण्याची तरतूद नियमांत आहे. पण नियम राहू दे बाजूला. ज्या मुलाला आपण आयुष्यभर 'जोर लाव, जोर लाव' म्हणत आलो त्यालाच 'जोर लावू नको' सांगायचं? त्याला यातला डाव कळणार नाही. आपले गुरुजी आज आपल्यावर नाराज आहेत एवढंच त्याला कळेल. असं करणारा कुणी दिसला तर तिथंच बोल, वयानं कितीही मोठा असो.

निवडीचीही एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जागतिक स्पर्धेसाठी आधी विचार होतो तो खालच्या पातळीवर आपापल्या गटात पहिले आलेल्यांचा, मग गट कुठलाही असो. असे पहिले आलेले खेळाडू जागांपेक्षा जास्त झाले तर चिठ्ठ्या टाकतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झालो होतो. आता वाटतं की या सगळ्या रचनेत याहून न्याय्य काही नाही. तुरिनला गेलेले आपले ३० जण हे देशातले सगळ्यांत वेगवान ३० असतीलच असं नाही. त्यांत वेगवान असणार, संथही असणार. चोपड्यातल्या तुझ्या सगळ्यांत संथ मुलाचीही चिठ्ठी त्या डब्यात पडू शकते. त्या आईला हे आधी सांग.

म्हणूनच पदकांच्या बेरजा मांडून संघ सुधारला की घसरला हे ठरवणाऱ्यांचं मला पटत नाही. २०१७ ला ऑस्ट्रियात भारतानं ७३ पदकं जिंकली होती, त्यांत ३७ सुवर्ण. या वेळी ३३. लगेच कुणी म्हणेल, निम्म्याहून कमी झाली. पण त्या वेळचा आपला संघ बराच मोठा होता, आणि कुठल्या देशाला किती जागा मिळणार ते देश ठरवत नाही. मला बोचतं ते वेगळंच. या दोन स्पर्धांमधली एक स्पर्धा झालीच नाही. २०२२ ची रशियातल्या कझानला व्हायची होती. महासाथीमुळे ती २०२३ वर गेली आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रद्दच झाली. आठ वर्षांची पोकळी पडली. २०१७ ला चौदा वर्षांचा असलेला मुलगा २०२५ ला बावीसचा झाला. मधल्या काळात शाळा सुटली, आणि शाळेबरोबर खेळही. आपल्याकडे अठरा वर्षांपुढच्या बौद्धिक दिव्यांग मुलाला घराबाहेर जाण्याचं निमित्तच उरत नाही. तो ओट्यावर बसतो, वजन वाढतं, बोलणं कमी होतं. स्पेशल ऑलिम्पिक्सला वयाची वरची मर्यादा नाही. आठ वर्षांचं मूल भाग घेऊ शकतं आणि पन्नाशीचा माणूसही. तेव्हा तुझ्या शाळेतून बाहेर पडलेल्यांची यादी काढ आणि त्यांच्या घरी जा. हे काम मला पदकाहून मोठं वाटतं.

आता बर्फाचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो अशा मुलखात बर्फावरचे खेळ कसे शिकवायचे? खरं तर सगळे शिकवता येणार नाहीत. स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग डोंगरावरच शिकायचे. त्याची आशा पालकांना आत्ताच दाखवू नकोस. पण फ्लोअरबॉलला बर्फ लागतच नाही. हॉलमध्ये, हलक्या काठीनं, तेवीस ग्रॅमच्या भोकाभोकांच्या प्लास्टिक चेंडूनं खेळायचा खेळ आहे. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये मैदानात तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. म्हणजे चार मुलांत सराव सुरू होतो! आषाढात लग्नं नसतात तेव्हा मंगल कार्यालयाचा हॉल मागून घे, फरशी गुळगुळीत असते. पहिले काही आठवडे गोल विसर. चेंडू आपल्याकडे आला की थांबवायचा आणि दुसऱ्याकडे द्यायचा, एवढंच. 'दे' हा एकच शब्द रोज, त्याच आवाजात. एका वेळी एकच सूचना.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट, कमीत कमी पन्नास सेंटिमीटर लांब आणि अठराएक सेंटिमीटर रुंद. पाय बर्फात रुतू नये म्हणून. ती घातली की पाय फाकवून आणि गुडघा उचलून टाकावा लागतो, नाहीतर एक चौकट दुसरीवर पडते आणि मूल तोंडावर आपटतं. ही चाल वाळूत शिकवता येते. सुताराकडून प्लायवूडच्या तेवढ्या फळ्या कापून घे, कडा घासून घे, आणि जुन्या बुटांना पट्ट्यांनी बांध. तापीच्या पात्रात उन्हाळ्यात वाळू उघडी पडते, पण उपशाचे खड्डे असतात. मुलांना नेण्याआधी तू स्वतः सगळा पट्टा चालून बघ. सकाळी सातच्या आत आटोपायचं. फिटची औषधं चालू असलेली मुलं उन्हात जास्त जपावी लागतात, त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोल.

थंडीची तयारी मात्र आपल्याच हिवाळ्यात होते. जानेवारीत धुळ्याचा पारा आठच्याही खाली जातो, पहाटे शेकोट्या पेटतात. बर्फ तेवढा नाही, पण हातमोजे, कानटोपी, जाड मोजे आणि घट्ट बूट घालायची सवय लावायला एवढी थंडी पुरते. पुष्कळ मुलांना अंगाला काही घट्ट लागलं की सहन होत नाही, ती ओरडतात, ओढून फेकतात. त्यांना परदेशातल्या मैदानावर पहिल्यांदा हातमोजे घालायला लावलेस तर ती खेळणारच नाहीत. आज एक बोट, उद्या पंजा, असं कर. आणि आईशिवाय रात्र काढायची सवयही इथंच लाव. शाळेतच एक मुक्काम घे, मग जळगावला दोन. दात घासणं, ताट धुणं, आपली पिशवी भरणं, हे सगळं सरावाचाच भाग समज. निवड शिबिरात ज्या मुलाला स्वतःचं आवरता येतं त्याचं मन खेळात राहतं.

बेटा, एक वही कर. प्रत्येक मुलाचं पान वेगळं. तारीख, अंतर, वेळ, आणि त्या दिवशी तो कसा होता हे एका ओळीत. वेळ फुगवू नकोस, कमीही करू नकोस. त्या आईनं पुन्हा विचारलं तर तुरिनची बातमी दाखवण्याआधी तिच्या पोराचं पान दाखव. जूनमध्ये किती सेकंद होते आणि दिवाळीला किती, हे बोट ठेवून सांग. तिला वाचता येत नसेल तर तिच्यासमोर पळवून घड्याळ तिच्याच हातात दे. मी पाहिलेल्या घरांत बाप सगळ्यांत शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा तो अशा एखाद्या पानामुळेच येतो.

नोंदणीच्या आधी दोन कामं राहू देऊ नकोस. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. स्कीइंग, उड्या, कोलांट्या अशा मानेवर जोर येणाऱ्या गोष्टींत ते धोक्याचं ठरू शकतं. तुझ्या वर्गात अशी जी मुलं आहेत त्यांची हाडांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी घे, आणि ते हातात येईपर्यंत त्यांना फक्त चालण्याचा सराव दे. दुसरं, ज्यांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, अजून निघालेलं नाही त्यांच्या पालकांना एकेक करून पाठवण्यापेक्षा एक दिवस ठरवून सगळ्यांना घेऊन तूच सिव्हिल हॉस्पिटलला जा. मजुरी बुडते म्हणून ते जात नाहीत, हलगर्जीपणा नसतो त्यांचा. दिवस ठरला की कळव, मीही येतो.

तुझा,
सर