इंग्लंडमधल्या फॅमिली कोर्टाच्या निकालावर अपिलाची परवानगी कशी मागायची?

तुम्ही लिहिलंय की मुलाला डिसेंबरच्या सुट्टीत भारतात न्यायला डिस्ट्रिक्ट जजने नकार दिला. तिथेच अपिलाची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही. वकील परवडत नाही, आज नववा दिवस आहे, आणि निकालानंतर तुमच्या वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय.

मी वकील नाही. मुलीच्या खटल्यात मी स्वतः, वकिलाशिवाय, ही परवानगी मागितली होती. त्या अनुभवावरून सांगते.

डिस्ट्रिक्ट जजने नाही म्हटलं तरी तीच परवानगी त्यांच्या वरच्या सर्किट जजकडे पुन्हा मागता येते. त्यासाठी एफपी१६१ हा फॉर्म आहे. मुदत २१ दिवसांची, आणि ती निकाल दिला त्या तारखेपासून मोजतात. आदेशाची शिक्क्याची प्रत पोस्टाने घरी आली त्या तारखेपासून नाही. मी आधी पोस्टाचीच तारीख धरून बसले होते. तुमच्या हातात १२ दिवस आहेत. समोरच्याशी बोलून ही मुदत वाढत नाही, ती कोर्टच वाढवू शकतं. निकालाची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे जजच्या बोलण्याची शब्दशः लेखी प्रत, आजच मागवा, पण ती येईपर्यंत फॉर्म अडवून ठेवू नका. ट्रान्स्क्रिप्ट मागवली आहे आणि मागाहून देते, असं फॉर्मसोबत कळवा. फी जड जात असेल तर माफीचा अर्ज करता येतो.

आता खरी गोष्ट. परवानगी देताना कोर्ट एवढंच बघतं की अपील यशस्वी होण्याची खरीखुरी शक्यता आहे का, किंवा ते ऐकायला दुसरं काही सबळ कारण आहे का. आणि अपील यशस्वी व्हायचं तर निकाल चुकीचा होता किंवा प्रक्रियेतल्या गंभीर चुकीमुळे अन्याय झाला, हे दाखवावं लागतं. खटला पहिल्यापासून पुन्हा चालत नाही. दुसऱ्या जजने वेगळा निर्णय दिला असता, एवढ्यानेही भागत नाही. मुलांच्या बाबतीत दोन जजांची मतं वेगळी असू शकतात आणि दोन्ही रास्त असू शकतात, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, १९८५ सालीच सांगितलंय.

मला हे कळलं तेव्हा चौदा पानं लिहून झाली होती. मोफत सल्ला देणाऱ्या एका बाईंनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि निकालपत्र काढायला सांगितलं. म्हणाल्या, जिथे तुम्हाला लागलं तिथे हिरवी खूण करा आणि जिथे जज चुकले तिथे पेन्सिलीने. रात्री मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. पानंच्या पानं हिरवी झाली. मी तिला वेळ देत नाही असं एका परिच्छेदात होतं, तो मी इतक्यांदा गिरवला की कागद फाटला. पेन्सिलीच्या खुणा मात्र दोनच. कॅफकासच्या, म्हणजे मुलांच्या हिताबद्दल कोर्टाला सल्ला देणाऱ्या संस्थेच्या, अधिकाऱ्याची शिफारस जजने बाजूला सारली होती आणि का, ते कुठेच लिहिलं नव्हतं. दुसरी खूण तारखेच्या घोटाळ्याची, तीही पुढे गळाली. चौदा पानांची दीड पानं झाली, आणि परवानगी मिळाली ती त्या एका मुद्द्यावर.

तुम्हीही हेच करा. प्रत्येक मुद्द्यापुढे परिच्छेदाचा आकडा लिहा आणि चूक एका वाक्यात सांगा. कोणता महत्त्वाचा पुरावा विचारात घेतला नाही? कोणती गोष्ट पुराव्याशिवाय धरून चालले? तुम्हाला बोलूच दिलं नाही का? मुद्दा फक्त कारणं न दिल्याचा असेल, तर आधी त्याच जजकडे लेखी खुलासा मागणं योग्य. ते कारणं जोडू शकतात. त्यासाठी २१ दिवस थांबत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

सर्किट जज बहुधा कागद वाचूनच ठरवतात. नकार आला तर त्याची नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांत तोंडी सुनावणी मागा. अर्ज पूर्णपणे निराधार असा शेरा पडला तर मात्र तोही मार्ग बंद होऊ शकतो. म्हणून दहा कच्चे मुद्दे घालण्यापेक्षा एकच पक्का घाला. आणि अपील दाखल केलं म्हणून आदेश थांबत नाही. तोवर मुलाला घेऊन विमानात बसू नका, कितीही जीव तुटला तरी.

वडिलांच्या ऑपरेशनबद्दल. ते निकालानंतर ठरलं, म्हणून जज चुकले असं त्यावरून म्हणता येणार नाही, आणि खालच्या कोर्टापुढे नसलेला पुरावा अपिलात सहसा घेतही नाहीत. पण परिस्थिती बदलली हे सांगून सी१०० या मुलांबद्दलच्या अर्जाच्या फॉर्मवर नवा अर्ज करता येतो. निकालपत्रात पेन्सिलीची खूण सापडली नाही, तर मी तुमच्या जागी अपिलाचा नाद सोडून हाच अर्ज करेन. डिसेंबरच्या आत तारीख मिळवायची तर तो तातडीने ऐकावा असंही त्यात मागेन.

दुसऱ्या देशात नेऊन ठेवलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८०च्या हेग करारात भारत नाही. मूल तिकडेच ठेवून घेतलं तर परत आणणं अवघड, ही जजची भीती खरी असते. तिच्यावर रागावू नका, तिला उत्तर द्या. सर्जनचं तारखेसह पत्र, परतीची तिकिटं, जिथे उतरणार तो पत्ता, मुलाच्या वडिलांशी रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, परतल्यावर पासपोर्ट कोणाकडे राहील, तुमची इथली नोकरी आणि मुलाची शाळा, अनामत रक्कम ठेवायची तयारी. यातलं मागच्या वेळी काय दिलं नव्हतं ते निकालपत्रातच सापडेल. तो परिच्छेद आधी वाचा.