रुसेल म्हणून?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मित्र फ्लॅटवर बोलावतोय, शरीरसंबंधाला हो म्हणू की नको, असं विचारतेस. एवढा लांबलचक मेसेज, पण त्यात तुला काय हवंय त्याची एक ओळ नाही. ‘तो नाराज होईल’, ‘त्याला वाटेल माझा विश्वास नाही’, ‘इतके दिवस झाले, आता नाही कसं म्हणू’. सगळं त्याचंच!

विजयनगरच्या त्या फ्लॅटवर जावं की नाही, हे मी सांगणार नाही. तू सज्ञान आहेस, आणि लग्नाआधीचा-नंतरचा हिशेब मांडणारी मंडळी आपल्या इंदूरच्या रामबागेत पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एकच. भीतीपोटी हो म्हणू नकोस.

मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास आहे. प्रेमात असलेल्या कॉलेजातल्या मुलामुलींनी १४ दिवस रोज नोंदी ठेवल्या: संबंध आला का, आणि कशासाठी. जवळ यावंसं वाटलं म्हणून आला असेल, तर त्या दिवशी मन प्रसन्न, नातंही गोड. भांडण टळावं, समोरचा रुसू नये म्हणून आला असेल, तर चिडचिड आणि उलट भांडणच जास्त. ज्याला भिऊन मान तुकवली तेच पदरात! महिन्याभराने पाहिलं, तर अशा जोड्या टिकण्याची शक्यताही कमी.

आता म्हणशील, मावशी, त्याला आनंद व्हावा असं मला वाटतंच. वाटू दे की. पण त्याला बरं वाटावं म्हणून आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून, यांत फार अंतर आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, त्यालाही कळायचं नाही. तू मनात ‘आज नको’ म्हणून बघ. लगेच त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन पोटात गोळा आला, तर ती भीती. भीतीपोटी हो म्हणू नकोस, कितीदा सांगू?

आणि ठरवायचं ते दिवसाउजेडी, एकटी असताना. एरिअली आणि लोवेनस्टाइन या संशोधकांच्या २००६ च्या प्रयोगात उत्तेजित अवस्थेतल्या तरुणांची उत्तरं एरवीपेक्षा बेफिकीर निघाली, कंडोमच्या बाबतीतसुद्धा. त्यात मुलगेच होते, पण आपणही काही दगडाच्या नसतो.

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. साखरपुड्यानंतर ‘आता आपण एकमेकांचेच’ म्हणून गळ घालणाऱ्या गृहस्थांना मी नाही म्हटलं. त्यांनी अबोला धरला, मी अंगठी परत पाठवली. आत्या म्हणाली, एवढ्याशा गोष्टीवरून? एवढीशी कशी? ‘नाही’ला अबोला धरणारा माणूस ‘हो’ची काय किंमत करणार होता? एकटी राहिले. संध्याकाळी घर खायला उठतं, तेही खरं. पण कुणाच्या रुसव्याच्या धाकात एक दिवस काढला नाही, आणि आत्याला ते आजही पटत नाही, तर नको पटू दे.

असो, तुझं राहिलंच. या खेपेला त्याला रिजनल पार्कात भेट. ‘इतक्यात नको’ एवढंच सांग, कारणं देत बसू नकोस. मग तो काय करतो ते मला कळव. आणि भंवरकुआँचा क्लास बुडवू नकोस, फी बाबांनी भरली आहे.

तुझी,
मावशी