जावा की पायथन, हा वाद नंतर घाल

भावा, सांगलीतून पुण्याला निघण्याआधी प्रोग्रॅमिंगची भाषा जावा घ्यायची की पायथन, दुसऱ्यांची कामं करून देणारी सर्व्हिस कंपनी की स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी प्रॉडक्ट कंपनी या वादात तू दोन महिने घालवलेस. मीही विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर तेच करायचो. आवाज चढायचा, हाताला काही लागायचं नाही.

'जावा संपली' हे मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. ती १९९५ साली आली, आजही बँकांची मोठी कामं तिच्यावर चालतात. कोबोल तर १९५९ची, तीही अजून गेलेली नाही. पायथन १९९१ची, म्हणजे जावापेक्षा थोरली, आणि लोक तिला नवी समजतात! तेव्हा एक भाषा पकड आणि तिच्यात काहीतरी पुरं कर. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिही: शेतकरी, अडत्या, पोती, वजन, दर. दोघांनी एकाच वेळी नोंद केली तर? मध्येच वीज गेली तर अर्धी नोंद राहील का? ट्रान्झॅक्शन, म्हणजे नोंद एकतर पुरी होईल नाहीतर अजिबात होणार नाही ही सोय, कशाला लागतं ते तिथे खरं कळतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमध्ये माहिती भरायची आणि काढायची भाषा, मात्र टाळू नकोस.

कंपनीचं म्हणशील तर नावापेक्षा टीम बघ. मुलाखतीत विचार, माझा कोड कोण तपासणार? माझ्या पहिल्या कंपनीत कुणीच तपासत नव्हतं, दोन वर्षं मी त्याच चुका करत राहिलो. आणि बाँडचा, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा, कागद घरी आणून नीट वाच. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार असतील तर सही करू नकोस.