रिक्त झालेल्या जागेची पोटनिवडणूक कशी वाचावी : कसबा पेठेचे उदाहरण

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. विद्यमान आमदाराच्या निधनाने जागा रिक्त झाली आणि पक्षाने घरातलाच उमेदवार दिला, तर सहानुभूतीमुळे निकाल आधीच ठरलेला असतो का, हा पहिला. अशा पोटनिवडणुकीचा निकाल पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीचा कौल मानावा का, हा दुसरा. दोन्हींना माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र नुसता नकार देऊन उपयोग नाही, म्हणून पुण्यातील कसबा पेठ मतदारसंघाच्या २०२३ च्या पोटनिवडणुकीचे आकडे घेऊन सविस्तर लिहितो. या निवडणुकीविषयी भरपूर लिहिले आणि बोलले गेले. तरीही त्यातील बहुतांश मांडणी मला अपुरी वाटत आली आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट कसब्यातून भाजपचे आमदार म्हणून निवडून आले. २०१९ मध्ये ते लोकसभेत गेले आणि त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पुण्याच्या तत्कालीन महापौर मुक्ता टिळक ७५,४९२ मते घेऊन आमदार झाल्या. काँग्रेसच्या अरविंद शिंदे यांना ४७,२९६ मते होती. २२ डिसेंबर २०२२ रोजी टिळक यांचे कर्करोगाने निधन झाले. गंभीर आजारी असूनही त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या होत्या आणि त्याबद्दल पक्षभेदापलीकडे सर्वांना आदर वाटत होता. सहानुभूतीला याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल. तरीही २६ फेब्रुवारी २०२३ रोजी मतदान होऊन २ मार्चला मतमोजणी झाली, तेव्हा काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ७३,३०९ मते घेऊन विजयी झाले आणि भाजपचे हेमंत रासने ६२,३९४ मतांवर थांबले. मताधिक्य १०,९१५ होते.

या निकालाचे वर्णन बहुतेकांनी ‘२८ वर्षांचा बालेकिल्ला ढासळला’ असे केले. बालेकिल्ला हा शब्द येथे दिशाभूल करतो असे मला वाटते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक, म्हणजे २००९ ची, पाहा. त्या वेळी बापट यांना ५४,९८२ मते मिळाली, मनसेचे उमेदवार म्हणून लढलेल्या याच धंगेकरांना ४६,८२० आणि काँग्रेसच्या रोहित टिळक यांना ४६,७२८. पराभूत झालेल्या दोघांची बेरीज ९३ हजारांच्या वर जाते. मनसेचा प्रत्येक मतदार भाजपविरोधी होता असे म्हणता येणार नाही, हे मान्य. तरीही भाजपचा विजय तिरंगी लढतीवर उभा होता, हे नाकारता येत नाही. २०१४ मध्ये सगळे मोठे पक्ष स्वतंत्र लढले. बापट यांना ७३,५९४, रोहित टिळक यांना ३१,३२२ आणि पुन्हा मनसेकडून उभ्या असलेल्या धंगेकरांना २५,९९८ मते मिळाली. शिवसेना आणि राष्ट्रवादी यांचेही वेगळे उमेदवार होतेच. २०१९ मध्ये काँग्रेसखेरीज शिवसेनेच्या बंडखोराने सुमारे १४ हजार आणि मनसेने ८ हजारांहून अधिक मते घेतली. काँग्रेस, बंडखोर आणि मनसे यांची बेरीज जवळजवळ ६९,५०० होते.

आता ही बेरीज धंगेकरांच्या २०२३ च्या ७३,३०९ मतांशेजारी ठेवा. सव्वातीन वर्षांत पेठांमधील मतदारांनी विचारसरणी बदलली असे मानण्याची गरजच उरत नाही. भाजपखेरीज इतरांकडे जाणारी मते मतदारसंघात आधीपासून होती. २०२३ मध्ये ती प्रथमच एका उमेदवाराच्या पदरात पडली. शिवसेनेचा ठाकरे गट आणि अखंड राष्ट्रवादी हे दोन्ही पक्ष महाविकास आघाडी म्हणून काँग्रेसच्या पाठीशी उभे होते, आणि धंगेकर स्वतः शिवसेना व मनसे या दोन्ही पक्षांतून आलेले असल्याने पूर्व भागातील पेठांमध्ये त्या पक्षांच्या कार्यकर्त्यांशी त्यांचा जुना संबंध होता. मतदानाच्या नऊ दिवस आधी, १७ फेब्रुवारीला, निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. त्याचा परिणाम मतांच्या आकड्यात मोजून दाखवता येणार नाही, पण ठाकरे यांना मानणारा जो मतदार एरवी काँग्रेसच्या पंजावर शिक्का मारण्यास कचरला असता, त्याचा संकोच त्या आठवड्यात कमी झाला असावा, असे माझे मत आहे.

जुन्या पुणेकरांना या संदर्भात १९९१ आठवेल. अण्णा जोशी कसब्याचे आमदार असताना लोकसभेवर निवडून गेले आणि रिक्त जागेवर पोटनिवडणूक झाली. त्या वेळी काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी भाजपच्या उमेदवाराचा पराभव केला, आणि तो उमेदवार गिरीश बापटच होते. चारच वर्षांनी, १९९५ मध्ये, बापट निवडून आले ते पुढे पाव शतक टिकले. म्हणजे विद्यमान आमदार नसताना ही जागा भाजपच्या हातून जाण्याची २०२३ ही पहिली वेळ नव्हती.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो. दीर्घकाळ निवडून येणाऱ्या आमदाराला मिळणारी सगळी मते पक्षाची नसतात. त्यांतील काही त्या व्यक्तीची असतात: कोणाच्या वाड्याचे काम मार्गी लावले, कोणाच्या घरी दुःखात धावून गेले, गणेश मंडळांशी वर्षानुवर्षे संबंध राखला, यांतून जमलेली. बापट यांचे राजकारण अशा संबंधांवर उभे होते आणि विरोधी पक्षांतही त्यांचे मित्र होते. ती व्यक्ती बाजूला झाली की ही मते आपोआप पक्षाच्या पुढच्या उमेदवाराकडे जात नाहीत. प्रकृती अत्यंत नाजूक असताना बापट व्हीलचेअरवरून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, केसरीवाड्यातील कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला आले. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, २९ मार्चला, त्यांचे निधन झाले. त्या दृश्याने अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि पक्षाने त्यांना या अवस्थेत यायला लावायला नको होते, असेही अनेकांना वाटले. मलाही तसेच वाटले.

उमेदवारीविषयी. भाजपने टिळक कुटुंबाऐवजी महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष राहिलेले रासने यांना उमेदवारी दिली, त्यामुळे ब्राह्मण समाज नाराज झाला आणि म्हणून पराभव झाला, असे स्पष्टीकरण तेव्हा सर्रास दिले गेले. त्यात तथ्य आहे, पण थोडे. ही नाराजी पुढे करून अपक्ष उभे राहिलेल्या उमेदवाराला अगदी नगण्य मते मिळाली. सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांमधून भाजपला नेहमीसारखी आघाडी मिळाली नाही हे खरे, परंतु त्यामागे जातीइतकेच घरपट्टीसारखे प्रश्नही होते. स्वतः राहत असलेल्या घरांना मिळणारी ४० टक्के सवलत बंद होऊन मागील काळाच्या फरकाच्या रकमा मागितल्या जात होत्या आणि त्याचा राग पेठांपासून उपनगरांपर्यंत होता. निकालानंतर काही आठवड्यांतच राज्य मंत्रिमंडळाने ही सवलत पूर्ववत करण्याचा निर्णय घेतला, यावरून त्या प्रश्नाचे वजन लक्षात येते. एका समाजाला संपूर्ण मतदारसंघाच्या निकालाचे श्रेय किंवा दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण कसब्यात व्यापारी, कारागीर, दलित, मुस्लिम, मराठा, इतर मागासवर्गीय अशी सर्व वस्ती दाटीने राहते आणि प्रत्येकाचे मत सारखेच मोजले जाते.

त्याच दिवशी शेजारच्या चिंचवडमध्येही मतदान झाले. आमदार लक्ष्मण जगताप यांचे ३ जानेवारी २०२३ रोजी निधन झाले होते आणि भाजपने त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी दिली. त्यांना १,३५,६०३ मते मिळाली, राष्ट्रवादीचे नाना काटे यांना ९९,४३५ आणि अपक्ष राहुल कलाटे यांना ४४,११२. वृत्तपत्रांनी येथे सहानुभूती जिंकली असे लिहिले. पण काटे आणि कलाटे यांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जवळजवळ ८ हजारांनी जास्त आहे. याच कलाटे यांनी २०१९ मध्ये लक्ष्मण जगताप यांच्याविरुद्ध अपक्ष म्हणून १,१२,२२५ मते मिळवली होती. २०२३ मध्ये त्यांनी माघार घेतली असती तर त्यांची सगळीच मते काटे यांच्याकडे गेली असती असे कोणीही छातीठोकपणे सांगू नये. तरीही एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, एका ठिकाणी सरळ लढत झाली आणि सत्ताधारी हरले, दुसऱ्या ठिकाणी तिरंगी लढत झाली आणि सत्ताधारी जिंकले. कुटुंबातील उमेदवार असणे आणि नसणे यापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

सहानुभूतीची इतर उदाहरणेही एका दिशेने जात नाहीत. पंढरपूरमध्ये २०२१ साली भारत भालके यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र भगीरथ भालके राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि भाजपच्या समाधान आवताडे यांच्याकडून ३,७३३ मतांनी हरले. कोल्हापूर उत्तरमध्ये २०२२ साली चंद्रकांत जाधव यांच्या पत्नी जयश्री जाधव १८ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. अंधेरी पूर्वमध्ये त्याच वर्षी भाजपने उमेदवारी मागे घेतली, दिवंगत आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके सहज निवडून आल्या, आणि दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मतांसह ‘नोटा’ राहिला. हा शेवटचा आकडा बिनविरोधाच्या आग्रहाबद्दल बरेच काही सांगतो. कसब्यातही निवडणूक बिनविरोध व्हावी असे आवाहन झाले होते. दिवंगत सहकाऱ्याविषयी आदर दाखवण्याची ती एक चांगली रीत आहे, हे मी मानतो. परंतु मतदारांना निवडीचा अधिकार वापरू देणे हाही आदरच आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो.

आता आपला दुसरा प्रश्न. कसब्याच्या निकालानंतर पुण्याचे राजकारण पालटले असे अनेकांनी जाहीर केले. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसने धंगेकरांनाच पुण्यातून उभे केले आणि भाजपचे मुरलीधर मोहोळ १,२३,०३८ मतांनी विजयी झाले. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये कसब्यात पुन्हा रासने आणि धंगेकर समोरासमोर आले. रासने यांना ९०,०४६ आणि धंगेकरांना ७०,६२३ मते मिळाली. हे आकडे नीट पाहिले तर धंगेकरांची मते पोटनिवडणुकीच्या तुलनेत जेमतेम २,७०० नी घटलेली दिसतात, आणि रासने यांची मात्र २७ हजारांहून अधिक वाढलेली. पोटनिवडणुकीत मतदान ५० टक्क्यांच्या आसपास होते. जे मतदार तेव्हा घरी राहिले त्यांतील मोठा वर्ग पावणेदोन वर्षांनी बाहेर पडला आणि भाजपकडे गेला, असाच या आकड्यांचा सरळ अर्थ लागतो. लाडकी बहीण योजनेसारखी कारणे त्यात असतील. पण धंगेकरांना सोडून फार लोक गेले असे मात्र दिसत नाही. आपल्याकडे होणाऱ्या चर्चेत ‘मतदार फिरला’ हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते. पुष्कळदा मतदार फिरलेला नसतो, निराळा मतदार मतदान केंद्रावर आलेला असतो.

एक बाब आपल्या प्रश्नात नव्हती, तरी सांगणे मला आवश्यक वाटते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ अ नुसार जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. उरलेला कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा त्या मुदतीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केले असेल, तरच सूट आहे. बापट यांच्या निधनाने रिक्त झालेली पुणे लोकसभेची जागा या दुसऱ्या कारणाखाली रिकामीच ठेवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. चौदा महिन्यांहून अधिक काळ पुण्यासारख्या शहराला लोकसभेत खासदार नव्हता. आपल्या मतदारसंघात पोटनिवडणूक वेळेवर होत असेल तर तिचे मोल कमी समजू नका, आणि होत नसेल तर विचारणा जरूर करा.

आपल्याकडच्या लढतीचा अंदाज बांधायचा असेल तर माझी सूचना अशी. गेल्या दोन विधानसभा निवडणुकांचे फॉर्म २० मिळवा. मतदान केंद्रनिहाय मते त्यात असतात आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते साधारणपणे उपलब्ध असतात. दिवंगत आमदारांना त्यांच्या पक्षाच्या लोकसभा उमेदवारापेक्षा कोणत्या केंद्रांवर ठळकपणे जास्त मते पडली, ते आधी शोधा; लोकसभेला मतदानाचे प्रमाण निराळे असते, म्हणून मतांचा आकडा न घेता टक्केवारी घ्या. व्यक्तीला मिळालेली मते बहुधा त्याच केंद्रांवर सापडतील आणि या वेळी तीच मोकळी आहेत. त्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या उमेदवारांची मते पाहा आणि ते या वेळी रिंगणात आहेत की कोणाला पाठिंबा देऊन बसले आहेत, हे अर्ज मागे घेण्याच्या अंतिम दिवशी तपासा. त्या दिवसापूर्वी बांधलेल्या कोणत्याही अंदाजावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.