फुगणाऱ्या मातीत सिमेंट: टक्केवारीच्या आधी ढेकळं बघा

घराच्या फरशीखालची माती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आहे, त्यात किती टक्के सिमेंट मिसळू, असं तुम्ही विचारलंय. आकडा देतो, पण सिमेंट त्या मातीत शिरणार कसं, हे आधी ठरवा.

अशी माती ओली असली की तिचे गोळे होतात, वाळली की टणक ढेकळं. त्यांवर सिमेंट टाकून रोलर फिरवला तर ढेकळाला बाहेरून नुसतं कवच येतं. थर वरून झकास दिसतो, पण आतली माती कोरीच असते. तिथवर पाणी पोचलं की ती फुगते आणि कवच फोडते. शंका आली की मी ढेकूळ फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतो. सिमेंट किंवा चुना जिथे पोचलाय तिथे गुलाबी रंग येतो. बऱ्याचदा कडेला गुलाबी रिंग आणि मधे मूळचा काळा रंग, असंच दिसतं.

म्हणून प्लास्टिसिटी इंडेक्स (माती ओलाव्याच्या किती मोठ्या पट्ट्यात मळता येण्याजोगी राहते, त्याचा प्रयोगशाळेतला आकडा) विशीच्या बराच वर असेल तर आधी चुना घाला, कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवरच्या सोडियमची जागा घेतं, चिकटपणा उतरतो आणि माती भुसभुशीत होते. ओलावा टिकवून एक-दोन दिवस मुरू द्या, पुन्हा रोटाव्हेटर फिरवा आणि मगच सिमेंट, ४ ते ६ टक्के. नेमकं प्रमाण प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवरूनच ठरवा.

हे प्रमाण अंदाजापेक्षा बरंच जास्त भरतं. १५ सेंटिमीटरच्या थरात दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो कोरडी माती असते. ५ टक्के म्हणजे १२ किलो सिमेंट, म्हणजे ५० किलोची गोणी जेमतेम ४ चौरस मीटरला पुरते.

सिमेंटला पाणी लागलं की २ तासांत दबाई उरका. उशिरा रोलर फिरवला तर नुकतीच जुळलेली पकड तुटते. नंतर ७ दिवस थर ओलसर ठेवा.

मातीत जिप्समचे चकचकीत खडे दिसले तर थांबा, आधी सल्फेट तपासा. ते ०.३ टक्क्यांच्या वर असेल तर चुना आणि सिमेंट दोन्ही उलटतात. एट्रिंगाइट नावाचं फुगणारं स्फटिक तयार होतं आणि सुधारलेली मातीच फुगायला लागते, कधीकधी कित्येक महिन्यांनी.

आणि एक कळकळीनं सांगतो: हे सगळं फरशीसाठी, अंगणासाठी, रस्त्यासाठी. भिंतींचा पाया या थराच्या भरवशावर टाकू नका. ऋतूनुसार माती फुगते-आकसते ती बरीच खोलवर. पाया त्या पट्ट्याच्या खाली न्या किंवा अंडर-रीम्ड पाइल्स (खालच्या बाजूला फुगवटा असलेले, जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्या. छपराचं पाणी भिंतीपासून लांब सोडा.

प्लास्टिसिटी इंडेक्स आणि सल्फेटचे आकडे हाती आले की इथे टाका, कोणते नमुने करून घ्यायचे ते सांगतो.