ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या) स्क्रीनवर मराठी फॉन्ट टाकताना
अरे, आधी डोक्यातून हे काढ की बिटमॅप फॉन्ट म्हणजे एका युनिकोड कोडला (अक्षराच्या ठरलेल्या नंबरला) ठिपक्यांचं एक चित्र, इंग्रजीला चालतं ते, मराठीला नाही. 'कि' मध्ये मेमरीत आधी क येतो मग वेलांटी, पण स्क्रीनवर वेलांटी आधी काढावी लागते, आणि क्ष तर तीन कोड मिळून एक ग्लिफ, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा एक आकार. 'दुसऱ्या' मधला अर्धा र नीट येतोय का ते पहिल्याच दिवशी बघ, मी तिथेच आठवडाभर अडकलो होतो.

शेपिंग, म्हणजे कोडवरून कुठले ग्लिफ कुठे बसवायचे ते ठरवणं, डिव्हाइसवर करायच्या नादी लागू नकोस, कॉम्प्युटरवरच हार्फबझ या शेपिंगच्या लायब्ररीने मजकुराचे ग्लिफ नंबर काढ, मग फ्रीटाइप या फॉन्टचे आकार काढणाऱ्या लायब्ररीने तेवढेच ग्लिफ हव्या त्या साइझचे बिटमॅप करून घे, आणि प्रत्येकाचा ऑफसेट (ग्लिफ किती सरकवायचा) नि ॲडव्हान्स (पुढचा ग्लिफ किती अंतरावर) जपून ठेव, मात्रा-अनुस्वार त्यावरच जागेवर बसतात. शिरोरेषा तुटली तर आधी ॲडव्हान्सचं राउंडिंग बघ, एका पिक्सेलची फटपण डोळ्याला खुपते.

मेमरीचं टेन्शन नको, ८०० बाय ४८० ची काळी-पांढरी स्क्रीन म्हणजे ४८,००० बाइट, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपमध्ये बसतं. ओळ तोडताना मात्र बाइट मोजू नकोस, यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचा एकेक कोड तीन बाइटचा असतो, मधेच कापलास तर नुसते चौकोन दिसतील.